बारा एपींचा तक्ता विकणाऱ्या सल्लागारांना खुले पत्र

सल्लागार महाशय,



तुमचा एक्सेलचा तक्ता माझ्यापर्यंत पोचला. न्यू जर्सीच्या आमच्या या पट्ट्यात तो आता घरोघरी फिरतो आहे. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, कुणी छापून फ्रिजवर लावतं. डावीकडे नववी ते बारावी अशी चार वर्षं, आडव्या रांगांत विषय, आणि कॉलेजच्या पातळीचा प्रत्येक एपी कोर्स पिवळ्या रंगात. नववीत ह्यूमन जिऑग्रफी. दहावीत वर्ल्ड हिस्टरी आणि कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स. अकरावीत कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज, यूएस हिस्टरी. बारावीत फिजिक्स, बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि वर इंग्लिश लिटरेचर. तळाशी बेरीज केली आहे: १२. त्याखाली जाड अक्षरांत लिहिलंय की 'टॉप ट्वेंटी' कॉलेजांसाठी ही किमान संख्या. मुलाचं नाव लिहायला एक चौकट आहे, आईवडिलांच्या ईमेलसाठी दोन आहेत. मुलाला काय आवडतं, हे लिहायला तक्त्यात कुठेही जागा नाही.

मी एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. तुमच्या तक्त्यातून गेलेली मुलं माझ्या वर्गात येतात, काही तर हायस्कूलमध्ये असतानाच येतात. त्यामुळे तुमच्या कामाचा परिणाम मी रोज जवळून पाहते आणि माझा राग ऐकीव गोष्टींवर उभा नाही. कायद्याने तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. पण चौदा वर्षांच्या मुलांना आकड्यामागे पळायला लावून त्यांच्या आईवडिलांच्या भीतीवर धंदा करणं याला मी अपराध म्हणते, आणि तो तुमच्या पदरात घालायला हे पत्र लिहिते आहे.

आधी त्या भीतीबद्दल बोलू, कारण तुमचं सगळं भांडवल तेच आहे. आमची माणसं सांगलीहून, नाशिकहून, लातूरहून, ठाण्याहून इथे आली. बारावीच्या वर्षी घरातला टीव्ही बंद, लग्नकार्याला जायचं नाही, पहाटे चारचा गजर, एक क्लास सुटला की धावत दुसरा, हे त्यांनी भोगलंय. लातूर पॅटर्नचं कौतुक ऐकत ती मोठी झाली. दोन मार्कांनी मेडिकल हुकलेला एखादा भाऊ प्रत्येकाच्या घरात आहे. इथली शाळा त्यांनी स्वतः पाहिलेली नाही. वेटेड जीपीए म्हणजे काय, ऑनर्स आणि एपी यांत फरक काय, काउन्सेलरशी काय बोलायचं, यातलं काहीच त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुम्ही नेमकी ती नस पकडली. 'बाकीच्यांची मुलं आठवीच्या सुट्टीतच सुरुवात करतात,' हे वाक्य तुमच्या पहिल्या मोफत झूम मीटिंगमध्ये येतं, आणि त्यानंतर पॅकेजचा दर.

आता तुम्ही जे सांगत नाही ते मी सांगते.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था या परीक्षा घेते. विषय चाळीसच्या आसपास, परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५, आणि निकाल जुलैमध्ये. हा शेवटचा तपशील पुन्हा वाचा. बारावीच्या मुलाला कॉलेजचा होकार किंवा नकार मार्चअखेरपर्यंत मिळालेला असतो. तुमच्या तक्त्यात बारावीच्या रांगेत पाच एपी आहेत. त्या पाच परीक्षांचे गुण प्रवेश ठरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर येतच नाहीत. कोर्स निवडला होता आणि पहिल्या सहामाहीत ग्रेड काय आली, एवढंच त्याला दिसतं. एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास, आणि परीक्षेची नोंदणी २०१९ पासून शरद ऋतूतच करावी लागते, म्हणजे विषय झेपतोय की नाही हे धड कळायच्या आत. पाच परीक्षांचे पाचशे डॉलर कशासाठी भरायचे, हे तुमच्या दोन तासांच्या सेमिनारमध्ये एकदाही का येत नाही?

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं घ्या. बर्कली आणि लॉस एंजेलिस ही तुमच्या फलकावरची लाडकी नावं. ते विद्यापीठ जीपीए काढताना ऑनर्स आणि एपीचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतं. म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. हिशेबात दहावी-अकरावीच्याच ग्रेड धरतात. तुमच्या नववीतल्या ह्यूमन जिऑग्रफीने त्या आकड्यात काडीचीही भर पडत नाही. हा नियम विद्यापीठाने उघड छापलेला आहे. तुम्ही तो वाचलेला नसेल तर सल्ला द्यायला बसू नका, आणि वाचलेला असेल तर तो आईवडिलांपासून लपवल्याचं उत्तर द्या.

दुसरं आमिष तुम्ही दाखवता ते क्रेडिटचं. 'बारा एपी केल्या की एक वर्ष वाचलं, साठ-सत्तर हजार डॉलर वाचले.' बऱ्याच सरकारी विद्यापीठांत क्रेडिट खरंच मिळतं, आणि ज्या घरात पैशांची ओढाताण आहे तिथे ते मोठं काम करतं. पण तुम्ही ज्या कॉलेजांची स्वप्नं विकता तिथे काय चित्र आहे? कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. ब्राउनमध्ये त्याचा उपयोग वरच्या वर्गात बसवण्यापुरता, पदवीच्या हिशेबात तो कोर्स धरत नाहीत. एमआयटी केमिस्ट्रीच्या एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१४ च्या प्रवेशांपासून क्रेडिट बंद केलं. त्याआधी तिथल्या मानसशास्त्र विभागाने एपी सायकॉलॉजीत पैकीच्या पैकी ५ गुण मिळवलेल्या शंभरहून अधिक मुलांना आपल्या सुरुवातीच्या कोर्सची छोटी परीक्षा दिली. त्यांतली नव्वद टक्के मुलं नापास झाली. त्या प्रयोगावर वाद झाला, कॉलेज बोर्डाने आक्षेप घेतला. पण पाच गुण म्हणजे कॉलेजचा विषय आला, हे समीकरण तेव्हापासून तरी कुणी डोळे मिटून मांडू नये. डॉक्टर व्हायचं असेल तर अनेक मेडिकल कॉलेजं सांगतात की बायॉलॉजी-केमिस्ट्री कॉलेजातच करून या. तुमच्या 'प्री-मेड पॅकेज'मध्ये हे कुठल्या पानावर आहे?

आता माझ्या वर्गात या.

सोळा वर्षांचा एक मुलगा, ड्युअल एन्रोलमेंटमध्ये आलेला. हायस्कूलमध्ये असतानाच आमच्याकडे कॅल्क्युलसचा कोर्स करतो, दोन्हीकडे क्रेडिट मिळतं. हुशार मुलगा, नम्र, कधी उशीर नाही. पहिल्या चाचणीचा त्याचा पेपर मी तपासला. चेन रूल बिनचूक. पॉवर रूल बिनचूक. आणि मधल्या एका पायरीत त्याने बेरजेचा लॉगरिदम म्हणजे दोन लॉगरिदमची बेरीज असं लिहिलं. एकदा नव्हे, पूर्ण पेपरभर. मी त्याला ऑफिसात बोलावलं, फळ्यावर एक वक्र काढला आणि विचारलं, इथे डेरिव्हेटिव्ह धन आहे की ऋण? त्याने पेन काढून सूत्र शोधायला सुरुवात केली. वक्र वर चढत होता, तो नुसता पाहायचा होता. मग चौकशी केली तेव्हा कळलं की अकरावीत कॅल्क्युलस बीसी बसवायची म्हणून जिऑमेट्री एका उन्हाळ्यात आणि प्रीकॅल्क्युलस दुसऱ्या उन्हाळ्यात उरकलं होतं, सहा-सहा आठवड्यांत. दोन्ही उन्हाळे तुमच्या तक्त्यापायी गेले. लॉगरिदम त्या सहा आठवड्यांतल्या एका मंगळवारी झाले असणार.

त्याला सी ग्रेड मिळाली. ड्युअल एन्रोलमेंटची ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमची राहते. हायस्कूलमध्ये मिळालेली म्हणून ती पुसली जात नाही. उद्या या मुलाने मेडिकलला अर्ज केला तर शाळेत असताना केलेला कॉलेजचा प्रत्येक कोर्स त्याला अर्जात दाखवावा लागेल, ती सीसुद्धा. मधेच कोर्स सोडला तर त्याचीही नोंद राहते. त्याच्या आईला हे मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आम्हाला तर सांगितलं होतं की नुसता फायदाच आहे." त्या माउलीने तुमचं पॅकेज हप्त्याने घेतलं होतं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी व्हायोला वाजवते. चौथीपासून शाळेच्या ऑर्केस्ट्रात आहे. फेब्रुवारीत कोर्स निवडीचा फॉर्म आला. एपी केमिस्ट्रीला प्रयोगांसाठी जोडतास लागतो, आणि तो नेमका ऑर्केस्ट्राच्या तासावर आला. शिवाय ऑर्केस्ट्रा 'वेटेड' नाही, त्यात ए मिळाली तरी चारच गुण, एपीत पाच. म्हणजे ज्यात ती सगळ्यात जास्त रमते त्याच विषयाने तिचा जीपीए खाली येतो. केमिस्ट्रीच्या शिक्षकांनी तिची एपीसाठी शिफारस केली नव्हती. त्यांना एक पायरी खालचा ऑनर्सचा वर्ग पुरेसा वाटला होता. तुम्ही आईवडिलांना सांगितलंत की शिफारस लागत नाही, पालकांनी सही केली की शाळेला घ्यावंच लागतं. तो सहीचा कागद मी पाहिला आहे. खाली छापलं होतं की मूल मागे पडलं तर वर्ग बदलता येईलच याची शाळा हमी देत नाही. वडिलांनी सही केली. मुलीने माझ्याकडे येऊन विचारलं, "काकू, केमिस्ट्री घेतली नाही तर मी मूर्ख ठरते का?" तिला मी काय उत्तर दिलं ते तिचं तिला माहीत आहे. पण हा प्रश्न तिच्या डोक्यात घालणारे तुम्ही आहात, तेव्हा त्याचं उत्तर तुम्हीही तिला द्यायला हवं.

रविवारची मराठी शाळा तिने त्याच वर्षी सोडली. एपीत चिनी आहे, जपानी आहे, लॅटिन आहे, मराठी नाही. तक्त्यात रकाना नाही म्हटल्यावर आजीशी बोलायची भाषा पहिल्यांदा गळाली. आमच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत वर्ग भरलेले असतात आणि नववीला बाकं रिकामी पडतात. हे आम्ही शिकवणाऱ्या बाया दर सप्टेंबरला बघतो.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शालेय जिल्ह्याच्या शेजारी. तिथल्या शाळांचे अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या शैक्षणिक वर्षात त्या जिल्ह्यातल्या १२० मुलांची मानसिक आरोग्य तपासणी करावी अशी शिफारस झाली होती, ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. माध्यमिक आणि हायस्कूलमधली मुलं. त्या शाळांत आशियाई मुलांची संख्या मोठी, त्यांत आपली मराठी मुलंही आहेत. अधीक्षकांनी सहामाही आणि वार्षिक परीक्षा रद्द केल्या, गृहपाठाविना काही रात्री ठरवल्या, तर आपल्यातल्याच अनेक पालकांनी विरोध केला की आमच्या मुलांची पातळी खाली आणता. त्या पालकांना मी दोष देणार नाही, त्यांची भीती कुठून आली ते वर लिहिलंच आहे. पण तुम्ही या प्रदेशात धंदा करता. ते आकडे तुम्हाला ठाऊक नसणं शक्य नाही. ठाऊक असूनही तुम्ही अकरावीच्या रांगेत चार पिवळे रकाने भरता, कारण मुलांची झोप तुमच्या हिशेबात येत नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई एपीच्याच विरोधात आहे. मुळीच नाही. ही योजना १९५० च्या दशकात सुरू झाली, पहिल्या परीक्षा १९५६ साली झाल्या. ज्या मुलाची शाळेतल्या अभ्यासाने भूक भागत नाही त्याला कॉलेजात तेच पुन्हा घोकायला लागू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगलाच होता. सुरुवातीला ती मोजक्या श्रीमंत शाळांपुरती होती. तिचं सोनं केलं ते हायमे एस्कलांते या बोलिव्हियाहून आलेल्या शिक्षकाने, पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये. १९८२ साली त्याची १८ मुलं कॅल्क्युलसची एपी पास झाली. बहुतेक गरीब मेक्सिकन वस्तीतली. परीक्षा घेणाऱ्यांना विश्वासच बसेना, चौदा जणांवर संशय घेतला. त्यांतल्या बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही पास झाले. त्याच्यावर १९८८ मध्ये सिनेमा निघाला. एस्कलांतेची मुलं एक विषय घेऊन पहाटे, संध्याकाळी, सुट्टीत वर्षानुवर्षं बसली. बीजगणितापासून पाया घालून वर चढली. ते बळ एका विषयावर ठाण मांडल्यामुळे आलं. बारा विषयांवर पाय ठेवून पळत गेल्याने माझ्याकडच्या मुलाचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

ड्युअल एन्रोलमेंटलाही माझा विरोध नाही. मिनेसोटाने १९८५ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे कोर्स सरकारी खर्चाने खुले केले, वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये. त्या दाराने किती तरी मुलं घरातली पहिली पदवीधर झाली. माझ्या वर्गातही अशी मुलं आहेत. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणाऱ्या बापाची मुलगी दुपारी बसने येते आणि पहिल्या बाकावर बसते. तिला कुणी तक्ता दिलेला नाही. तिला संख्याशास्त्र आवडतं, म्हणून तिने ते घेतलं. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारते.

उलट २०१८ साली वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या आठ नामांकित खासगी शाळांनी एपी कोर्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांत ओबामांच्या मुली जिथे शिकल्या ती सिडवेल फ्रेंड्सही आहे. त्यांचं कारण असं की परीक्षेच्या अभ्यासक्रमामागे धावताना मुलांना खोलवर शिकायला वेळ उरत नाही. अशा शाळांच्या नावालाच वजन आहे, त्यांना हे परवडतं, हे मला मान्य आहे. आपल्या सरकारी शाळेतल्या मुलाने एपी सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या मुलांशी स्पर्धा म्हणून तुम्ही आमच्या मुलांना धाप लागेस्तोवर पळवता, ती मुलं त्या वाटेवर आता नाहीतच. निदान हे तरी सांगा.

प्रवेश देणारे काय पाहतात तेही लपलेलं नाही. शाळेचा काउन्सेलर अर्जासोबत एक फॉर्म भरतो. त्यात विचारलेलं असतं की या मुलाने निवडलेले कोर्स त्याच शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत किती कठीण आहेत. शाळेत एपी किती आहेत, हे सोबतच्या माहितीपत्रकात असतं. म्हणजे सहा एपी असलेल्या शाळेतल्या मुलाची तुलना पंचवीस असलेल्या शाळेतल्या मुलाशी होत नाही. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की कॉलेजच्या पातळीचे पाचेक कोर्स केलेल्या मुलांना पहिल्या वर्षी फायदा होतो, त्याहून जास्त केल्याने विशेष फरक पडत नाही. तुमचा किमान आकडा १२ कुठून आला? कोणत्या कॉलेजच्या कोणत्या कागदावर तो छापलाय? तो कागद दाखवा, हे पत्र मी मागे घेते.

फेब्रुवारीच्या फॉर्मसमोर बसलेल्या मुलाला विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. गेल्या वर्षी कुठल्या विषयाचं पुस्तक तू कुणी न सांगता उघडलंस? त्या विषयाच्या शिक्षकांशी बोललास का? या वर्गाला रोज किती गृहपाठ असतो हे वरच्या वर्गातल्या ताईला विचारलंस का? रात्री अकराला झोपून हे सगळं बसतंय का? ज्या एका-दोन विषयांत जीव आहे तिथे एपी घे, जमेल तेवढी कठीण घे. बाकी ठिकाणी ऑनर्स किंवा साधा वर्ग घे आणि नीट शिक. आमच्या शाळा सप्टेंबरमध्ये, लेबर डेनंतर उघडतात, दक्षिणेतल्या अनेक शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला. प्रत्येक विषयाची परीक्षा मात्र सगळीकडे मेमध्ये एकाच दिवशी. आपल्या मुलांना जवळपास महिनाभर कमी मिळतो, एका विषयात तो भरून काढता येतो, पाचांत येत नाही. एवढं सांगायला अर्धा तास लागतो. त्याचे पैसे कुणी देणार नाही, म्हणून तुम्ही ते सांगत नाही.

जानेवारीत आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर तुमचं व्याख्यान ठेवलंय असं कळलं. मंडळाच्या अध्यक्षांना मी कळवलंय की मी येते आहे. कॅलिफोर्नियाचा आठ सेमिस्टरचा नियम, ड्युअल एन्रोलमेंटची ग्रेड कायम राहते हा नियम, आणि तुमच्या बाराच्या आकड्याचा आधार, हे तीन प्रश्न मी मराठीत छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवणार आहे. शाळांचे कोर्स निवडीचे फॉर्म त्यानंतर काही आठवड्यांनी भरायचे असतात, त्यामुळे आईवडिलांना विचार करायला वेळ मिळेल. शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरांसाठी ठेवा. नववीची मुलंही समोर बसलेली असतील, तेव्हा उत्तरं त्यांच्याकडे बघून द्या.

आपली,
न्यू जर्सीतली गणिताची एक शिक्षिका